भिंतीवरची तीन बोटं

अक्का, आज दुपारी काम आटोपून निघताना खाजाभाईंनी पुन्हा विचारलं, त्या जागेचं काय करायचं? उद्या टाइल्सवाला येणार आहे. तुम्ही पसंत केलेल्या फिकट राखाडी टाइल्सची खोकी ओसरीत येऊन पडली आहेत. स्वयंपाकघराचा गिलावा पुरा झाला. फक्त कोपऱ्यातल्या खांबाला लागून जो हातभर भिंतीचा तुकडा उरला आहे, त्याच्या आतल्या अंगाला, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, तळहाताएवढी जागा उघडी आहे. तिथं विटा दिसतात आणि विटांवर तुमच्या हातची विभूती. तीन बोटं, आडवी ओढलेली. आपण कपाळाला लावतो तशी.

खाजाभाई गिलावा करत करत तिथवर आले आणि थांबले. मी शाळेतून परतले तेव्हा ते थापी मांडीवर ठेवून नुसतेच बसले होते. म्हणाले, "अक्काच्या हातचं इबूत हाय. त्येच्यावर माल कसा मारू? माझ्यानं व्हायचं न्हाई." मग त्यांनी त्या तीन बोटांना वळसा घालून गिलावा केला आणि कडा साफ करून घेतल्या, तसबिरीला चौकट करावी तशा.

ती विभूती तिथं कशी आली, हे मला नंतर वायरमनकडून कळलं. जुना गिलावा खरवडून विटा उघड्या पडल्या होत्या आणि तो वायरींसाठी भिंतीला झिरी मारायला आला होता. कुठे कुठे पॉइंट हवेत ते खूण करून द्या म्हणाला. घरात खडू सापडेना, पेन्सिल सापडेना. सगळं सामान तर आपण पोत्यात भरून माडीवर टाकलेलं. तुम्ही नुकत्याच पूजेवरून उठला होतात, हातात विभूतीची खडूसारखी गुंडी होती. तिनंच तुम्ही खुणा करत सुटलात. मिक्सरला आडवी रेघ, फ्रिजला आडवी रेघ, दिव्याला गोल. त्यानं त्या खुणांवर स्विचचे डबे बसवले. शेवटी तो या कोपऱ्याशी आला, तीन बोटं बघितली आणि विचारलं, इथं काय? तुम्ही म्हणालात, "ते सांगते मागून."

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

तुम्ही त्या खुणा केल्यात तेव्हा मी शाळेच्या ग्रंथालयात होते, नव्या पुस्तकांवर शिक्के मारत. त्या सकाळी घरी असते तर मी विचारलं असतं का? बहुतेक नाही. आपल्या दोघींत त्या कोपऱ्याचा विषय बंद झाला होता.

घरात आता प्रत्येकाचं वेगळं मत आहे. गौरी म्हणते, आईला मोबाइल चार्जिंगला जागा हवी असणार, तिचा मोबाइल कायम पिठात पडलेला असायचा. खाजाभाईंच्या मते तो देवाचा हात आहे, नव्या वास्तूला लावलेला. धाकटी भावजय म्हणून अण्णा माझ्याशी थेट बोलत नाहीत, ते तुम्हाला माहीतच आहे. त्यांनी गौरीला सांगितलं, "तुझ्या काकूला म्हणावं, हात पुसला असंल तिनं भिंतीला. उगं त्यात काही वाचू नको." अण्णांचं खरं असू शकतं. बोटाला लागलेली विभूती तुम्ही कधी पदराला पुसली नाही, दाराच्या चौकटीला पुसायचात. आणि चौकट तर त्या वेळी उखडून अंगणात ठेवलेली होती.

माझं मत मी कुणाला सांगितलेलं नाही. ते सांगायचं तर आधी भिंतीचं भांडण सांगावं लागेल.

या घराची बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक भिंत होती, मध्ये एक दार. अण्णांची आडत, त्यामुळे बैठक कधी रिकामी नसायची. माल घेऊन आलेले शेतकरी, उदगीरकडची तुमची माणसं, बाजारातले व्यापारी, लग्नपत्रिका वाटत फिरणारे. तुम्ही उदगीरहून सून म्हणून आलात तेव्हापासून त्या भिंतीआड भाकरी थापत होतात. तुमची तक्रार कामाची कधीच नव्हती. तुमची तक्रार एकच होती, आणि ती तुम्ही मला नव्या सुनेला पहिल्याच महिन्यात सांगितली होती: "ह्या भिंतीतून हसू येतं बघ, जोक न्हाई येत."

खरंच तसं व्हायचं. बाहेर कुणीतरी काहीतरी सांगायचं, आवाज खाली यायचा, आणि एकदम सगळी बैठक हसायची. तुम्ही तव्यावरची भाकरी तशीच टाकून ताट घेऊन लगबगीनं जायचात. "काय म्हणलं, काय म्हणलं?" तोवर हसणं ओसरलेलं असायचं. कुणीतरी म्हणायचं, काही नाही, असंच.

त्यातही नागूअप्पांचा तो किस्सा. अप्पा अण्णांचे जुने दोस्त, आणि आपल्या पुतण्यासाठी मुलगी बघायला ते हिमायतनगरला गेले होते, ती गोष्ट ते दर दिवाळीला सांगायचे. बस चुकली, उशीर झाला आणि घाईत ते भलत्याच घरात शिरले. योगायोग असा की त्या घरीही त्या दिवशी पाहुणे येणार होते. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन बसली, शिक्षण विचारून झालं, मामाकुळ विचारून झालं, दोन्हीकडची पसंती दिसायला लागली. मग मुलीचे वडील उठले, हात जोडले आणि म्हणाले... इथून पुढं भिंतीतून आपल्याकडे फक्त हसूच यायचं. ज्यांना शेवट पाठ होता ते आधीच हसायला लागायचे आणि अप्पा शेवटचं वाक्य अगदी हळू बोलायचे. एकदा तुम्ही अण्णांना गाठलंत, तर सांगता सांगता त्यांनाच इतकं हसू आलं की ते मोरीकडे गेले आणि शेवट राहिलाच.

"मास्तरीण, तू ऐकलं का गं?" तुम्ही मला विचारायचात. मी कधीच ऐकलेलं नसायचं. ज्वारीच्या कोठीमागे पाटावर बसून मी पुस्तक वाचत असायची. "कसली गं तू," तुम्ही म्हणायचात. "कान हाईत का दोन बाजूला दोन पुस्तकं लावलीत देवानं?"

मी नांदेडच्या एका शिक्षकाच्या घरातून आलेली. आमच्याकडे पाहुणा आला तर तो वडिलांशी पुस्तकाबद्दल बोलायचा आणि चहा पिऊन जायचा. इथं आल्यावर बैठकीत ट्रे घेऊन जायचं म्हटलं तरी माझे तळहात ओले व्हायचे. त्या घोळक्यात प्रत्येक जण विचारायचा, कुणाची गं तू, तुझ्या आत्याचं सासर कुठलं, आणि मला माझंच नाव आठवेनासं व्हायचं. तुम्ही ते पहिल्याच दिवाळीत ओळखलंत. पुढच्या वेळेपासून बाहेरून कुणी "धाकटी कुठाय?" म्हणून विचारलं की तुम्ही आतून ओरडायचात, "भाकरी थापायलीय!" आणि माझ्या वाटणीच्याही भाकरी तुम्हीच थापायचात. थापण्याचा आवाज जरा मोठा करायचात, बाहेर जावा म्हणून. ती कोठीमागची जागा माझी होती. तिथं मी जेवढं वाचलं तेवढं कॉलेजातही वाचलं नाही. थापण्याच्या आवाजात वाचायची इतकी सवय झाली की शांत ठिकाणी माझं लक्ष लागेनासं झालं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं होतं का? आठवत नाही. सांगायला हवं होतं.

मग गौरीचं लग्न होऊन ती नांदेडला गेली आणि तुम्ही तिच्याकडे राहून आलात. तिच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला भिंतच नाही. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून धपाटे लावत होतात आणि जावयाची मित्रमंडळी समोर बसून तुमच्याशी बोलत होती. कुणीतरी विनोद केला आणि तुम्ही सगळ्यांच्या बरोबरीनं हसलात. आल्या आल्या तुम्ही मला हेच सांगितलंत. पायातली चप्पलही काढली नव्हती. "सगळ्यांच्या संगं हसले बघ. मागून न्हाई."

त्यानंतर तुम्ही कुणाचं ऐकणार नव्हतात. ओटा पुढे आणायचा, बैठकीच्या बाजूला रुंद कट्टा काढायचा, त्याला ग्रॅनाइट, खाली ट्रॉल्या, आणि आलेल्या माणसानं कट्ट्याशी टेकून बोलावं. पाण्याच्या टाकीला मात्र जागा सोडायची; नळाला पाणी कधी येईल ते लातुरात देवालाही ठाऊक नसतं, हे नव्या स्वयंपाकघरातही तुम्ही विसरला नव्हतात. गौरीनं मोबाइलवर चित्र काढून पाठवलं. त्या चित्रात भिंत नव्हती, आणि कोठीही नव्हती.

मी म्हणाले, भिंत राहू द्या. तुम्ही विचारलंत, का? मी म्हणाले, "तुम्हाला तिकडं यायचंय, अक्का. मला इकडंच राहायचंय."

"उगं तोंड लपवून किती दिवस बसणार हायस? लोकं काय खातेत का तुला?"

"मग मी कुठं बसू?"

तुम्ही मेथी निवडत होतात. हात थांबला. माझ्याकडं बघितलंत, पुन्हा मेथीकडं बघितलंत आणि म्हणालात, "बघू."

एवढंच. नंतर घण पडला, भिंत गेली. त्यावर आपण पुन्हा बोललो नाही. बाकी सगळं बोलत होतो, टाइल्सचा रंग, ट्रॉल्यांच्या मुठी, डबे कुठल्या साडीत बांधायचे. अबोला नव्हता. फक्त त्या एका ठिकाणी आपण दोघी पाय जपून टाकत होतो, ओल्या फरशीवर टाकावा तसा. एक तुमचं "बघू" आणि दुसरं "सांगते मागून". ही दोन अर्धी वाक्यं मी मनात सारखी जोडून बघते. कधी ती जुळतात, कधी मधे फट राहते.

तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला आपल्या लिंगायत रीतीप्रमाणे बसवलं. जागा दुसरी नव्हतीच. भिंत जिथं होती, नेमकी तिथं, खांबाला टेकवून, बैठकीकडं तोंड करून. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. मातीला आलेली सगळी माणसं तुमच्या समोर बसली, अगदी चुलीची जागा होती तिथपर्यंत मागेही माणसं होती. एरवी ती आपल्या घरात मावली नसती. कुणीतरी बाई दुसरीला हळूच म्हणाली, बरं झालं अक्कानं भिंत काढून घेतली. मी तुमच्या पाठीमागे उभी होते, पाण्याचा तांब्या घेऊन. मला तुमचा अंबाडा दिसत होता आणि त्याच्या पलीकडं ती सगळी बैठक. या बाजूनं बैठक मी कधी अशी बघितली नव्हती. सगळे तुमच्याकडं बघत होते.

तेव्हापासून या घरात एक गोष्ट चालली आहे, ती तुम्हाला सांगते. भिंत पुरी गेली आहे, आता कुठूनही आत येता येतं. पण कुणीच कुठूनही येत नाही. सगळे जुन्या दाराच्या जागेवरूनच येतात. गौरी तिथं येऊन अंग चोरते. मी हातात परात असली की आडवी करते, चौकटीला लागू नये म्हणून. आणि अण्णा तिथं येऊन खाकरतात. आत धाकट्या भावाची बायको असेल, तिला कळावं, म्हणून ते आजवर दाराबाहेर थांबून खाकरत आले. आता मी त्यांना समोर दिसते, त्यांना मी दिसते, मध्ये हवा आहे. तरी ते थांबतात, खाकरतात आणि मी पदर सावरते. मग ते आत येतात आणि कशाला आलो ते विसरतात. परवा तर ते बराच वेळ उभे होते. दुधाचं पातेलं बघत होते. त्यांचं खाकरणं माझ्यासाठी नव्हतं, असं मला वाटून गेलं.

चूल सध्या ओसरीत आहे. तुम्हीच मांडून दिली होती. मसाल्याचा डबा डाव्या हाताला, सांडशी खिळ्याला. मी त्यातलं काही हलवलेलं नाही. भाकरी मात्र माझी फुटते. थापताना आवाज होतो तो लहानसा, तुमच्या आवाजाच्या पोटात मावेल एवढा. आणि छताचं खरवडकाम चाललं तेव्हा सगळ्या घरभर पांढरी धूळ बसली, भांड्यांवर, देवावर, आमच्या डोक्यांवर. आरशात बघितलं तर कपाळ पांढरं. मी घाईनं पुसलं आणि मग वाटलं, पुसायला नको होतं.

मी खाजाभाईंना विचारलं, सगळी भिंत काढली तर कोपऱ्यात हा तुकडा का ठेवला? ते म्हणाले, "त्यो खांब हाय वहिनी. छताचा भार हाय त्येच्यावर. कुणीबी सांगितलं असतं तरी निघाला नसता." खांब ठीक आहे. पण खांबाला लागून हा विटांचा हातभर तुकडा? त्याचा कशाला भार? ते डोकं खाजवायला लागले. "आता त्ये अक्कानं ठिवा म्हणलं का मीच ठिवला, ध्यानात न्हाई बघा."

मग मी पाट आणला आणि त्या तुकड्याच्या आड बसून बघितलं. गौरीला म्हणाले, जा, सोफ्यावर बस. तिथून मी दिसते का? ती बसली, मान इकडून तिकडे केली. "न्हाई दिसत काकू. पायाचा अंगठा दिसतोय." मी अंगठा आत घेतला. "आता न्हाई."

तीन बोटं माझ्या डोक्याच्या जरा वर होती. वाचायला दिवा लावायचा तर तिथंच लावतात.

किंवा हात पुसला असेल, अक्का. मला दोन्ही दिसतं. दिवसभर एक दिसतं, तिन्हीसांजेला दुसरं. ज्या घरात तुम्ही माझ्या वाटणीच्या भाकरी थापल्यात तिथं तुम्ही मला विसरून भिंत पाडलीत, हेही खरं असू शकतं. तुम्हाला इतकी वर्षं हसायचं होतं. एका माणसानं आपल्या हसण्यापुरतं एक घर मागितलं, तर त्यात दुसऱ्याचा कोपरा असायलाच हवा असं कुठं आहे? हे मी स्वतःला समजावते. आणि मग तिथं जाऊन बसते.

आज संध्याकाळी गौरीला न्यायला जावई आले आणि पाठोपाठ नागूअप्पा आले. तुम्ही गेल्यापासून आलेली माणसं बैठकीत मान खाली घालून बसतात, चहा पितात, निघतात. मी ओसरीतल्या चुलीवर चुरमुऱ्यांची सुशीला केली, बशा नेऊन दिल्या आणि खांबाआड पाटावर येऊन बसले. हातात पुस्तक होतं, उजेड पुरेना. बाहेर बराच वेळ चमच्यांचाच आवाज. अण्णांनी बशी तशीच खाली ठेवलेली कळली. मग अप्पा जावयाला म्हणाले, "मी हिमायतनगरला पोरगी बघाया गेल्तो, त्ये ऐकलंय का तुम्ही?" जावयांनी ऐकलं नव्हतं, किंवा ऐकलं नाही असं म्हणायची समज त्यांना होती. अण्णा म्हणाले, "राहू दे, अप्पा." अप्पांनी राहू दिलं नाही.

बस चुकली. घर चुकलं. पोहे आले. मी पुस्तक मिटलं. अप्पांचा आवाज खाली जात गेला, नेहमी जातो तसा, आणि मला वाटलं आता पुढचं येणार नाही. इतक्या वर्षांची सवय. पण ते आलं. प्रत्येक शब्द आला, अक्का. मग जावई हसले, गौरी हसली, आणि मग अण्णांचा तो आवाज, आधी घशात अडकलेला आणि मग सुटलेला. हसता हसता त्यांनी खाकरलं. जागेवरूनच. मी पदर सावरला.

मी वळून तुमच्याकडं बघितलं. तुम्ही नव्या ओट्याशी उभ्या राहिल्या असतात तिथं. तिथं अजून ओटाही नाही, सिमेंटची रिकामी पोती आहेत.

खाजाभाईंना फोन करून सांगितलं, तेवढी जागा तशीच राहू द्या, टाइल लावू नका. वायरमनला सांगितलं, तिच्या वर एक दिवा हवा. त्यानं विचारलं, अक्का म्हणल्या हुत्या का? मी म्हणाले, मी म्हणतेय.

आता ऐका. मुलीचे वडील उठले, हात जोडले आणि म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही चुकीच्या घरात आलाव. मला दारातच कळलं हुतं. पर माणसं बरी वाटली, म्हून गप बसलो हुतो."

एवढंच होतं. मी इथं कोपऱ्यात बसले आहे. मधे भिंत नाही. तुम्ही हसलात तर मला ऐकू येईल.